थीम पार्कात राईडचं आगाऊ आरक्षण: घ्यावं की रांगेत उभं राहावं?

सदाफुली
एप्रिलच्या सुट्टीत फ्लोरिडात ऑरलँडोला, थीम पार्क बघायला जायचं घाटतंय. आम्ही चौघं (मुलगी ९, मुलगा ५), शिवाय नणंद आणि तिचे यजमान. नवरोबांचं म्हणणं, यंदा राईड आधीच बुक करून टाकू, कटकट नको. माझं मन घेत नाही, आणि त्याला कारण मागच्या वर्षीचा प्रसंग.

तेव्हा सासूसासरे आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. त्यांना घेऊन एका मोठ्या पार्कात गेलो. नाव लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्या एका पार्काच्या नावाने खडे फोडण्यात जाईल. आम्ही जास्तीचा पास वगैरे काही घेतला नव्हता. एका राईडच्या पाटीवर ४५ मिनिटं लिहिलेलं. म्हटलं, चालतंय. पाऊण तास झाला तेव्हा आम्ही शेवटच्या वळणावर पोचलो होतो. तिथे दोन रांगा एकत्र येतात, आपली आणि पासवाल्यांची. मध्ये विशीतला एक पोरगा उभा. आमच्याकडे तळहात दाखवायचा, तिकडच्यांना हसून आत घ्यायचा.

सासरे मिरजेला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर होते, उभी नोकरी तिथेच गेली. ते एकदम गप्प झाले. खिशातून छोटी डायरी आणि पेन काढलं. मुलीला वाटलं आजोबा चित्र काढताहेत. थोड्या वेळाने डायरी मिटून मला म्हणाले, "अगं, ही रांग नव्हेच. ही वेटिंग लिस्ट आहे. चार्ट कधीच लागलाय."

तर मंडळी, ज्यांनी आधी आरक्षण करून पाहिलंय त्यांनी मनापासून सांगा. खरंच सुख लागतं, की पैसे देऊन दिवसभर मोबाईलमध्ये डोकं?

टेक्सासकर
सदाफुली, डोळे मिटून घ्या. सहा जणांचं विमान, हॉटेल, पार्काचं तिकीट, भाड्याची गाडी, एवढं केल्यावर इथेच कशाला हात आखडता?

डिस्नी वर्ल्डला जाणार असाल तर नियम नीट समजून घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. २०२४ च्या जुलैपासून तिथे लायटनिंग लेन मल्टी पास आहे, म्हणजे वेगळ्या छोट्या रांगेतून आत जायचा पैशाचा पास. त्यांच्या हॉटेलात उतरलात तर मुक्काम सुरू व्हायच्या ७ दिवस आधी अख्ख्या मुक्कामाच्या राईड निवडता येतात. बाहेर उतरलात तर ज्या दिवशी जायचं त्याच्या ३ दिवस आधी. सकाळी ७ ला खिडकी उघडते, ईस्टर्न वेळेप्रमाणे. एका दिवसासाठी आधी तीन राईड घ्यायच्या. प्रत्येकीला एक तासाची वेळ मिळते, त्या तासात जायचं. पहिली वापरली की अ‍ॅपवर पुढची घेता येते. सगळ्यात जास्त मागणी असलेल्या एखाद-दोन राईड यात बसत नाहीत, त्यांचा सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो.

मी एक्सेल शीट केली होती. बायको हसली. संध्याकाळी सात वाजता हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये पाय सोडून बसलो होतो, तेव्हा कोणी हसत नव्हतं.

चहाबाज
आम्ही म्हातारे झालो बहुतेक. आमच्या वेळी हे फुकट होतं हो!

१९९९ मध्ये डिस्नीने फास्टपास आणला तेव्हा मी तिकडे एमएस करत होतो. राईडपाशी यंत्रं असायची. पार्काचं तिकीट आत सारायचं, खालून एक चिठ्ठी यायची: अमुक ते अमुक वेळेत परत या. बस. एक पैसा नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक नागपूरचा लंबूटांग होता. गेट उघडलं की आठ जणांची तिकिटं मुठीत धरून तो पळायचा, आणि आम्ही मागून कॉफी पीत जायचो. शेवटी त्याचं नावच 'पास' पडलं. लग्नाच्या पत्रिकेवर खरं नाव वाचून निम्म्या लोकांनी विचारलं, हा कोण?

पुढे २०१४ च्या सुमारास मनगटी पट्टे आणि फोनवरचं फास्टपास प्लस आलं. हॉटेलवाल्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी तीन राईड धरता यायच्या. तेही फुकटच. पण तिथूनच ही सवय लागली की नाश्त्याला काय खायचं हे ठरायच्या आधी मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी आपण कुठल्या डोंगरावरून खाली येणार आहोत हे ठरलेलं असतं. कोविडात सगळं बंद झालं आणि २०२१ च्या ऑक्टोबरात परत आलं ते जिनी प्लस नावाने, माणशी दिवसाला १५ डॉलर लावून. पुढे दर तारखेप्रमाणे वरखाली व्हायला लागले.

पैशाचं दुःख नाही मला. कागदाची चिठ्ठी खिशात असायची, फोन नसायचा. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची.

रिकामटेकडा
@चहाबाज, एकमेकांच्या तोंडाकडे बघून काय बोलायची? "तो पास अजून कसा आला नाही?"

तंतोतंत
माझं रोजचं काम कारखान्यातल्या रांगांचं आहे, तिथे माणसांऐवजी खोकी असतात एवढंच. सदाफुलीताईंच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. सगळा खेळ त्या शेवटच्या वळणावर चालतो.

सोपा हिशेब करू. धरा, एक राईड तासाला १२०० माणसं फिरवते. एकच रांग आहे आणि तुमच्या पुढे ३०० जण आहेत. पंधरा मिनिटांत तुमचा नंबर. आता तासाच्या १२०० पैकी ९०० जागा आरक्षणवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला उरल्या ३००. पुढे माणसं तेवढीच, ३०० च. पण आता तुम्ही एक तास उभे. राईडचा वेग तोच, पाळण्यात खुर्च्याही तेवढ्याच, पार्कात गर्दीही तेवढीच. पंचेचाळीस मिनिटं कुठून आली? पासवाल्यांची वाचली ती तुमच्या पायांत आली.

यात आणखी एक मेख आहे. फुकट फास्टपासच्या काळातही ती होतीच, म्हणून चहाबाज म्हणतात तितकं ते सोन्याचं युग नव्हतं. आरक्षण घेतलेला माणूस त्या वेळेपर्यंत बाकावर बसून राहत नाही. तो मधल्या वेळात दुसऱ्या राईडच्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणजे एकच माणूस एकाच वेळी दोन रांगांत, एकीत नावाने आणि दुसरीत देहाने. ज्या राईडला पूर्वी कुत्रं विचारत नव्हतं तिथेही मग वीस मिनिटांची रांग लागते. तरी माणसाला वाटतं, मी रांग चुकवली.

पार्काचा यात फायदा उघड आहे. रांगेत अडकलेला माणूस काही विकत घेत नाही.

गोदाकाठ
तिरुपतीचं ३०० रुपयांचं स्पेशल एन्ट्री दर्शन ऑनलाईन काढायला आमच्या घरी तीन लॅपटॉप मांडून बसतात. तेव्हा हे काही नवीन वाटत नाही. तिथेही वरच्या वळणावर दोन रांगा एकत्र येतात आणि हाताने थांबवणारा माणूस असतो. फरक एवढाच की तिथे कोणी भांडलं तर बाकीचे "गोविंदा गोविंदा" म्हणून आवाज बुडवतात.

आपल्याकडे वंडरला पार्कातही फास्टट्रॅक तिकीट मिळतं. साध्या तिकिटापेक्षा बरंच महाग. आम्ही बंगळूरला मंगळवारी गेलो होतो, शाळा चालू असताना. साधंच काढलं आणि एका राईडवर पोरगा सलग चार वेळा बसला. पाचव्यांदा तिथला माणूसच म्हणाला, आता पुरे कर बाबा.

उगवतीकर
टेक्सासकर, राग नसावा. तुमच्या स्विमिंग पूलमधल्या पायांसाठी दुसऱ्याचं पोर एक तास उन्हात उभं राहिलं, हे वरच्या हिशेबात दिसतंय की नाही?

मुलाच्या समोर जास्त पैसे मोजून रांग ओलांडायची, आणि मग घरी येऊन त्याला शिकवायचं की बाळा, नंबराने जावं. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिने विचारलं, "ते लोक आधी आले होते का?" मी म्हटलं, नाही. "मग?" या "मग"ला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आणि आता तर डिस्नीचा प्रीमियर पासही आहे. २०२४ च्या शरदात जाहीर झाला तेव्हा फ्लोरिडात माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर, पार्क आणि तारीख बघून. वेळ निवडायची गरजच नाही, हवं तेव्हा जा. चौघांचा हिशेब करा. एवढ्यात माझा गोव्याचा आठवडा होतो, विमानासकट.

टेक्सासकर
राग कसला? पण तुम्ही पुण्याहून मुंबईला जाताना शिवनेरीत बसता की लाल डब्यात? तिकडे मुलगी विचारत नाही का?

उगवतीकर
शिवनेरी गेली म्हणून लाल डबा थांबवून ठेवत नाहीत. इथे थांबवतात. तोच तर मुद्दा आहे.

टेक्सासकर
हं. हा पॉइंट तुमचा.

तरी मी पास घेणारच. वर्षात दहा दिवस सुट्टी मिळते, आई-वडिलांचे गुडघे गेलेत. तत्त्वासाठी त्यांना उभं करणार नाही.

निशिकासाई
तोक्योतून लिहितेय. आमच्या निशिकासाईतून डिस्नी अगदी जवळ, त्यामुळे इथल्या मराठी घरांत पाहुणे आले की एक फेरी ठरलेली. इथली गंमत वेगळी आहे. २०२२ पासून प्रीमियर अ‍ॅक्सेस नावाचा पैशाचा पास आहे, पण तो दिवसाचा नसून एकेका राईडचा. दीड-दोन हजार येन मोजायचे आणि वेळ निवडायची. त्याशिवाय २०२३ मध्ये पार्काला ४० वर्षं झाली त्या निमित्ताने काही राईडना फुकट प्रायॉरिटी पास सुरू केला. एरवी दोन्ही गोष्टी मिळतात त्या पार्काच्या आत पाय टाकल्यावरच.

मग लोक काय करतात? गेट उघडायच्या दीड-दोन तास आधी येऊन बसतात. चटई अंथरून, डबे उघडून, पोरांना थर्मासमधलं सूप पाजत. आत शिरल्याक्षणी चालता चालता फोनवर टकटक. धावायची सोय नाही, धावू नका म्हणून सांगतात, तर मग लोक असे झपाझप चालतात की ऑलिंपिकच्या चालण्याच्या शर्यतीचा सरावच चाललाय, असं वाटतं.

माझी सासू पहिल्यांदा आली तेव्हा त्या चटयांच्या गर्दीत बसून तिने शेजारच्या जपानी आजींना चकली दिली. आजींनी परतफेड म्हणून तिला कागदी घडीची चिमणी करून दिली. आत कुठल्या राईडमध्ये बसलो ते तिला आज आठवत नाही, पण चिमणी सोलापूरच्या शोकेसमध्ये आहे.

सावली
मी सहसा वाचनमात्र असते. इथे लिहावंसं वाटलं, कारण वर "पासवाले" म्हणून जी एक रांग सगळ्यांनी धरली आहे, त्या रांगेत माझा मुलगाही असतो आणि आम्ही त्याचे पैसे देत नाही.

तो अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. बंद जागेत, पुढेमागे अंगाला अंग लागेल असं चाळीस मिनिटं तो उभा राहू शकत नाही. पाच मिनिटंही नाही. डिस्नीत यासाठी डीएएस (डिसअ‍ॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) म्हणून सोय आहे. आधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. मग राईडची वेळ मिळते. पण साध्या रांगेत पन्नास मिनिटं असतील, तर साधारण तेवढ्याच वेळाने आम्हाला बोलावतात. म्हणजे वाट आम्हीही बघतो, फक्त बाहेर बघतो. आमची वाट म्हणजे एका कारंज्याभोवती फेऱ्या. मागच्या खेपेला एकतीस झाल्या. तो मोजतो, मी चालते.

या सोयीचा इतिहास माणसाच्या स्वभावाबद्दल बरंच सांगतो. पूर्वी गेस्ट असिस्टन्स कार्ड होतं. पैसेवाली कुटुंबं अपंग व्यक्तीला भाड्याने 'गाईड' म्हणून बरोबर घेऊन रांगा टाळतात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते कार्ड बंद करून डीएएस आणलं. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले. आता ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. आम्ही त्यात बसतो. माझ्या मैत्रिणीला आतड्याचा आजार आहे, रांगेतून मध्येच पळावं लागतं, तिच्यासाठी आता ती वाट राहिली नाही. तिला दुसरे पर्याय सांगतात, पण कुठेही गेलं तरी चारचौघांत उभं राहून आपल्या पोटाबद्दल बोलावं लागतं.

तेव्हा त्या वळणावर पुढे जाणाऱ्या घोळक्याकडे बघताना एवढं ध्यानात असू द्या, की त्यात एखादं पोर एकतीस फेऱ्या मारून आलेलं असतं.

उगवतीकर
सावली, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. लेकीला आज रात्री सांगतो. तिच्या "मग?"ला निदान अर्धं उत्तर मिळालं.

बेएरियाबापू
वातावरण जरा हलकं करतो. सकाळी सातची खिडकी ईस्टर्न वेळेने उघडते, म्हणजे आम्हा कॅलिफोर्नियाकरांच्या पहाटे चारला. पहिल्या वर्षी मी तीन गजर लावले, तिन्ही बंद करून झोपलो. उठलो तेव्हा पावणेसात. पोरांना हवी होती ती राईड रात्री नऊची शिल्लक होती, आणि नऊ वाजता आमची पोरं म्हणजे ओल्या पोत्यासारखी. दोष सर्वस्वी माझा, घरात अजून ऐकतो.

दुसऱ्या वर्षी डोकं लावलं. फ्लोरिडात सकाळचे सात म्हणजे कोथरूडात दुपारचे साडेचार. आत्येभाऊ रिटायर होऊन घरीच असतो. त्याला माझं लॉगिन दिलं आणि राईडची यादी व्हॉट्सअ‍ॅप केली. तो चहाचा कप घेऊन बसला आणि चार मिनिटांत तीनही राईड, सकाळच्या वेळेच्या. वर मला मेसेज: "तत्कालपेक्षा सोपं आहे रे हे. कॅप्चा नाही काही नाही." इथे पहाटे चारला अख्खं घर घोरत होतं.

आता आमच्या ओळखीतल्या चार कुटुंबांचं तोच करतो. मोबदला म्हणून बदाम मागतो, कॅलिफोर्नियाचे.

रिकामटेकडा
म्हणजे एजंट झाले की! सदाफुलीच्या सासऱ्यांना कळवा, धाड पडेल.

निशिकासाई
@बेएरियाबापू, दोन किलोच्या वर बदाम मागायला लागले तर दुसरा भाऊ बघा.

तंतोतंत
सदाफुलीताई, प्रश्न मूळ तुमचा आहे म्हणून सरळ सांगतो. गर्दीच्या आठवड्यात जाणार असाल आणि दोन-तीन मोठ्या राईडवरच मुलांचा जीव असेल, तर पास घ्या. कारण बाकीच्यांनी घेतला आणि तुम्ही नाही घेतला, तर त्यांची बचत तुम्ही भरताय. वाईट वाटतं, पण गणित तसंच आहे. कोणीच घेतला नसता तर सगळेच बरे राहिले असते.

नसेल घ्यायचा तर उजाडता जा. गेट उघडताना हजर राहिलात तर आरक्षणवाले अजून दात घासत असतात. पहिल्या तासात दोन मोठ्या राईड होतात. दुपारी परत या, झोपा, संध्याकाळी पुन्हा जा. आणि एकट्याने बसायची तयारी असेल तर काही राईडना सिंगल रायडरची वेगळी रांग असते. पाळण्यात एखादी खुर्ची रिकामी राहिली की तुम्हाला तिथे कोंबतात. पाच वर्षांच्या मुलासह ते जमणार नाही, नणंदेच्या यजमानांना मात्र मजेत जमेल.

युनिव्हर्सलला जाणार असाल तर तिथला एक्सप्रेस पास वेगळ्या धाटणीचा. वेळ ठरवायची भानगड नाही, कधीही जा. त्यांच्या वरच्या श्रेणीतल्या काही हॉटेलांत उतरलं तर खोलीबरोबरच मिळतो. सहा जणांचा हिशेब करून बघा, कधी कधी ती महाग खोलीच स्वस्त पडते.

सदाफुली
सगळ्यांचे आभार. सावली, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी तो दिसला तर मी पण मोजेन.

काल मिरजेला फोन केला होता. सासूबाईंनी बाबांच्या डायरीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. वर तारीख, त्याखाली दोन रकाने. डावीकडे "ते", उजवीकडे "आपण". आकडे असे: ते २३, आपण ४. ते १९, आपण ६. ते ३१, आपण ५. मग एके ठिकाणी आपण ११ आणि पुढे बारीक अक्षरात, "मुलगा बदलला. नवीन आहे. शिकेल." सगळ्यात खाली त्यांनी कोटा लिहिलाय, जनरल किती, तत्काल किती, एचओ म्हणजे बड्या अधिकाऱ्यांचा किती, आणि एचओपुढे प्रश्नचिन्ह.

मी विचारलं, बाबा, तुम्हाला तेव्हा राग आला होता का? म्हणाले, "राग कसला? महालक्ष्मी एक्सप्रेसच्या खिडकीवर मीच लोकांना सांगायचो, साहेब, फुल्ल आहे. रांगेच्या या बाजूने कसं दिसतं ते कधी पाहिलंच नव्हतं." आणि मग विचारलं, त्या पोराला पगार किती असेल गं?

नवरोबांशी तह झाला आहे. चार दिवसांपैकी एकाच दिवशी पास घेणार, बाकी तीन दिवस उजाडता जाणार. पहाटे उठवायचं काम त्यांचं.

बापू, तुमच्या आत्येभावाला विचाराल का? आम्ही बदामाऐवजी काजू देऊ.

बेएरियाबापू
विचारलं. म्हणतो, काजू चालतील, पण खारे नकोत, बीपी आहे. तारीख कळवा म्हणाला. मार्चचा दुसरा रविवार (इथली घड्याळं तासाने पुढे होतात तो) उलटल्यावर असेल तर साडेचार, त्याआधी असेल तर साडेपाच, आणि साडेपाचला तो नातीला कथ्थकला सोडायला जातो.

सदाफुली
एप्रिलच आहे. साडेचार.